पायरीवरचा बर्फ

आमच्या मागच्या अंगणात एक पांढरं लाकडी खोकं चार पायांवर उभं आहे. त्याला चारी बाजूंनी झडपा आहेत, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन थेट पडत नाही, आणि आत दोन थर्मामीटर आहेत. शेजाऱ्यांना ते मधमाश्यांचं घर वाटतं. सासूबाईंना पहिल्या दिवशी ते देवघर वाटलं होतं आणि त्यांनी लांबूनच चपला काढल्या होत्या. मी हौशी हवामान निरीक्षक आहे. रोज सकाळी नऊ वाजता मी तिथे जाऊन रात्रीचं किमान तापमान बघते, गवताच्या पात्यांवर ठेवलेला दुसरा थर्मामीटर बघते, पर्जन्यमापकात काही साठलं असेल तर ते मोजते. पगार नाही, कौतुक नाही. नवरा याला माझी नऊची आरती म्हणतो. आरतीला निदान प्रसाद तरी असतो.

आणि राहायला मिळालं ते इंग्लंडमधल्या रीडिंग गावात. इथे बर्फ पडत नाही असं नाही, पण तो पडतो दुसऱ्यांकडे. उत्तरेकडच्या टेकड्यांवर पडतो, पश्चिमेच्या माळांवर पडतो, आणि आमच्या थेम्सच्या खोऱ्यात येईपर्यंत त्याचं मचूळ पाणी होतं. आम्हा निरीक्षकांचा एक नियम आहे. सकाळी नऊ वाजता निम्म्याहून जास्त जमीन पांढरी असली तरच तो बर्फ साचलेला दिवस. दहा वाजता वितळला तरी चालेल, पण नऊला हवा. या नियमानं मला कितीतरी हिवाळे कोरडं ठेवलंय. आमच्या निरीक्षकांच्या ग्रुपवर लोक पट्टी रोवलेल्या बर्फाचे फोटो टाकतात आणि मी त्यांना अंगठा दाखवते, तोही जळफळत. उत्तरेत शिकायला गेलेली मुलगी मुद्दाम फोन करून सांगते, "आई, माझा खिडकीबाहेर फुल स्नो आहे!" मी आधी तिची खिडकी स्त्रीलिंगी करते, मग विचारते, किती सेंटीमीटर.

पण ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगतेय, त्या हिवाळ्यात माझं बर्फाकडे लक्ष असूनही नव्हतं. जानेवारीच्या सुरुवातीला दाढी करताना नवऱ्याच्या हाताला गळ्याशी एक गाठ लागली. जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, बोटांनी चाचपून बघितली आणि हॉस्पिटलला चिठ्ठी पाठवली. तिथे सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागतील, जास्तही लागतील, आम्ही अपॉइंटमेंट कळवू, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. एवढंच. त्या दिवसापासून आमच्या घरात तिघं माणसं होती आणि त्यातल्या दोघांना काहीतरी माहीत होतं.

तिसऱ्या म्हणजे सासूबाई. वर्षभरापूर्वी सासरे गेले. साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या उरल्या, म्हणून वर्षश्राद्ध आटोपल्यावर नवरा जाऊन त्यांना सहा महिन्यांसाठी घेऊन आला. अशा बाईला, ज्यांचं कपाळ नुकतंच मोकळं झालंय, त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या गळ्यात गाठ आहे हे कोणत्या तोंडानं सांगायचं? "रिपोर्ट येऊ दे, मग बघू," नवरा म्हणाला. मुलीलाही सांगितलं नाही. मी हो म्हटलं, कारण मलाही ते शब्द तोंडाबाहेर काढायचे नव्हते.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी दिवसभर लॅपटॉपपुढे बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची, आणि मधूनच उठून मागच्या अंगणात जायची. नऊचं निरीक्षण एकदाच घ्यायचं असतं, पण मी अकराला जायची, एकला जायची, चहा घेऊन चारला जायची. तापमानाचं एक बरं असतं, विचारलं की लगेच सांगतं. दोन आठवडे थांबा म्हणत नाही. आत आले की नवरा मान न वळवता विचारायचा, "किती?" मी सांगायची, एक पॉइंट दोन. तो "हं" म्हणायचा. आम्ही दोघं त्या काळात एकमेकांशी साधारण एवढंच बोलत होतो, आणि मला सारखी भीती वाटत होती.

त्यात पायरीचं प्रकरण सुरू झालं.

आमचं पुढचं दार उत्तरेकडे आहे. त्याच्यापुढे एक दगडी पायरी, मग गेटपर्यंत चार पावलांची वाट. हिवाळ्यात तिथे ऊन म्हणून येत नाही. थंडी कडक असली की सकाळी सगळ्यावर दंव गोठतं, गाडीवर, वाटेवर, कुंपणावर. ते पांढरं असतं, खरखरीत असतं, पायाखाली करकरतं. पण एका सकाळी नवरा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघाला आणि पायरीवर त्याचा पाय असा सटकला की तो दाराच्या मुठीला लोंबकळला. मी जाऊन बघितलं. वाट नेहमीसारखी पांढरी होती. पायरीवर मात्र काचेसारखा पातळ बर्फ होता, न दिसणारा, आणि तो पायरीच्या कडेनं खाली ओघळून गोठलेला होता.

असा बर्फ व्हायला पाणी लागतं. रात्री पाऊस नव्हता, माझा पर्जन्यमापक ठणठणीत कोरडा होता. धुकं नव्हतं. मग पाणी आलं कुठून? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी गारठा कमी होता तर पायरी नुसती ओली. मला चेवच आला. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण आता डोक्याला दुसरं काहीतरी मिळालं होतं. मी पन्हळ तपासली. पायरीचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. डोंगराळ भागातल्या एका निवृत्त मास्तरांनी तीन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं, की दगड रात्री आकाशाकडे उष्णता फेकतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं वगैरे. दुसऱ्या एकानं लिहिलं की बॉयलरच्या पाइपातून गळत असेल. हे मला पटलं. प्लंबर बोलावला. त्यानं बॉयलर उघडला, बंद केला, सासूबाईंनी केलेला आल्याचा चहा दोनदा घेतला आणि सगळं उत्तम आहे असं सांगून गेला. सासूबाई त्याच्या मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

कारण सापडेपर्यंत निदान हातपाय शाबूत राहावेत म्हणून मी रस्त्यावर टाकतात तसल्या जाड्याभरड्या मिठाची गोणी आणली आणि रोज संध्याकाळी पायरीवर दोन मुठी पसरायला लागले. मीठ असलं की पाणी सहजी गोठत नाही. तरी सकाळी बर्फ होताच. आणि मीठ नव्हतं. एक खडासुद्धा नव्हता. विरघळलं म्हणावं तर बर्फ कसा झाला? मी पायरीवर ओणवी होऊन बोटानं चव घेतली. समोरची बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, तिनं कुत्र्याला ओढून रस्ता ओलांडला.

एका पहाटे मला झोपच लागेना. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता, जागा होता हे श्वासावरून कळत होतं. मी खाली आले तर पुढचं दार किलकिलं. बाहेर सासूबाई. साडीवर मुलाचं जाकीट, डोक्याला मफलर, पायात माझे बागेतले बूट. वाकून झाडूनं मीठ सुपलीत गोळा करत होत्या. ते त्यांनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओतलं, झाकण लावलं, शेजारचा तांब्या उचलला आणि ओंजळीनं पायरीवर पाणी शिंपडलं. सडा.

"आई!" मी ओरडलेच.

त्या दचकल्या नाहीत. "हळू. तो उठेल."

"अहो काय करताय? उणे चार आहे बाहेर!"

"तुझ्या मोबाइलवर तर एक दाखवत होतं."

"तो हवेचा आकडा. जमिनीलगत उणे चार." मी त्याही वेळी हे समजावत बसले. "पाणी गोठतं इथे. त्या दिवशी तो पडता पडता वाचला, ते यामुळे."

"गार कुठे घालते? कढत घालते चांगलं."

"कढत पाणीसुद्धा गोठतं!"

"मग आणखी कढत घालीन."

मी कपाळाला हात लावला. "आणि मीठ? मीठ मी मुद्दाम टाकते."

तेव्हा मात्र त्या सरळ उभ्या राहिल्या. "मीठ पायदळी तुडवायला टाकतेस होय? मी म्हटलं, पोरीच्या हातून सांडतंय रोज, बोलायचं कशाला. खाल्ल्या मिठाला जागतात आपल्यात, अगं, त्याच्यावर चपला नाचवत नाहीत." डबा त्यांनी छातीशी धरला होता. तो भरत आला होता.

मी भयंकर चिडले. जे तोंडाला आलं ते बोलले. प्लंबर बोलावला तेव्हा गप्प का बसलात, इथे काय शेणसड्याचं अंगण आहे का, उद्या तुमचंच कंबरडं मोडलं तर हॉस्पिटलात कोण धावणार. हॉस्पिटल शब्द निघाला तशी मी गप्प झाले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी तेरा दिवस माझा उंबरा कोरडा होता. दारापुढे सडा नाही दिसला की येणाराजाणारा ओळखतो, या घरात काय झालंय ते. मला नाही बघवत कोरडा उंबरा. मी एकटी असते तर गोष्ट वेगळी. इथे माझा मुलगा राहतो."

मला वाटलं, त्यांना सासऱ्यांची आठवण होतेय. मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि त्यांना आत आणलं. त्यांची बोटं लाल झाली होती.

सकाळी नवऱ्यानं तोडगा काढला. "आई, तू सडा घरात घाल ना. बाथरूममध्ये घाल हवं तर."

"बाथरूममध्ये सडा घालतात का रे?"

"मग गरम दिवसांत घाल. हिला विचार, ही टेम्परेचर सांगेल."

असं ठरलं. रोज संध्याकाळी त्या मला विचारायच्या, उद्या घालू का? आणि मी ढगांचा, वाऱ्याचा अंदाज बघून सांगायची, नको. त्या आठवड्यात आकाश निरभ्र होतं, रोजच नको होतं. आयुष्यात माझ्या अंदाजाला एवढं महत्त्व कुणी दिलं नव्हतं आणि मला तो अंदाज सांगायला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. सासूबाई पुढच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायच्या आणि कोरड्या पायरीकडे बघायच्या. पोथी मांडीवर, पान तेच. मी मागच्या दारानं आतबाहेर करायची, त्या पुढच्या खिडकीतून हलायच्या नाहीत, आणि नवरा दोघींच्या मध्ये जिन्यावरून वरखाली. एकदा त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं, "तो बरा आहे ना गं?"

"बरा आहे की. काम फार आहे ऑफिसचं."

"गळपट्टा घालून बसतो हल्ली घरात."

"थंडी आहे ना, आई."

"हो, थंडी तर आहेच," त्या म्हणाल्या आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

मग हॉस्पिटलचा फोन आला. बुधवारी सकाळी साडेनऊला या, दोघंही आलात तर बरं. दोघंही, हा शब्द आम्ही दिवसभर उलटापालटा करून बघितला. सगळ्यांनाच सांगत असतील, नवरा म्हणाला. मी म्हटलं, हो, सगळ्यांनाच. आईंना सांगायचं, बँकेत काम आहे, दोघांच्या सह्या लागतात.

त्याच संध्याकाळी ग्रुप पेटला. मंगळवारी रात्री पूर्वेकडून गार हवा येणार, नैऋत्येकडून ओलावा येणार, आणि दोन्हींची गाठ नेमकी आमच्या डोक्यावर पडणार. डोंगरातल्या मास्तरांनी मला नाव घेऊन लिहिलं, अभिनंदन, या वेळी तुमची पाळी. इतकी वर्षं मी हवामानाच्या असल्या नकाशाची वाट बघितली होती. आता तो समोर होता आणि मी मनात म्हणत होते, नको रे बाबा, एवढा बुधवार जाऊ दे. पडलास तर पाऊस म्हणून पड. बर्फाला शिव्या घालणारी हवामान निरीक्षक मी एकटीच असेन.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ताटकळत ठेवणाऱ्या गोष्टींचा मला राग येतो. गाठ साधी निघाली नाही. पण लवकर सापडली होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. आवाज थोडा बसकट झालाय, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते, आणि आत्ता हे लिहिताना तो शेजारच्या खोलीत क्रिकेट लावून कुणाला तरी शिव्या देतोय. हे सगळं त्या बुधवारी सकाळी आम्हाला माहीत नव्हतं.

उठले तेव्हा खोलीत तो वेगळाच उजेड होता, खालून वर येणारा. पडदा सारला. सगळं पांढरं. कुंपणावर, गाडीवर, समोरच्या छपरांवर, आणि अजून पडतच होता, मोठमोठे सावकाश कण. ना निम्मा ना पाऊण, जमिनीचा एक तुकडाही दिसत नव्हता. फोनवर बघितलं, बस बंद. टॅक्सीवाला उचलेना. आमची गल्ली उताराची, गाडी काढणं शक्य नव्हतं. "चालत जाऊ," नवरा म्हणाला. पाऊण तासाची वाट. तो बूट घालत होता आणि नाडीला गाठ बसत नव्हती, म्हणून मी खाली बसून ती बांधली.

सासूबाई स्वयंपाकघरात नव्हत्या. पुढचं दार उघडं होतं, त्यातून गार हवा येत होती. म्हटलं, आज या बर्फात सडा घालायला गेल्या की काय. धावत दाराशी गेले.

पायरीवर बर्फाचा कण नव्हता. पायरीपासून गेटपर्यंत कोळशाच्या फावड्यानं एक माणूस जाईल एवढी वाट काढलेली होती, आणि त्या वाटेवर मीठ होतं. आइस्क्रीमचा डबा रिकामा पडला होता. गोणीही रिकामी होती. ती पुरली नसावी, कारण गेटजवळ जाड खड्यांनंतर बारीक पांढरं मीठ सुरू झालं होतं, स्वयंपाकाच्या बरणीतलं, आणि त्याच्याही पुढे, अगदी फुटपाथवर, उपासाचं गुलाबी सैंधव. सासूबाई गेटपाशी उभ्या होत्या. मफलरवर बर्फ साचला होता, गाल लाल, मुलाचं जाकीट कोपरापर्यंत ओलं.

"आई, मीठ..." मी म्हटलं.

"दिसतंय मला. सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचायला लावतात म्हणे. वेचीन मी. मला तिथे कुठे घाई आहे?"

नवरा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं घसा साफ केला. "आई, आम्ही जरा बँकेत..."

"जपून टाक पाय," त्या म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन त्याचा गळपट्टा सोडला आणि पुन्हा नीट बांधला, गाठ होती त्या बाजूला सैल ठेवून. "हिला सोडू नकोस. आणि डॉक्टर काय म्हणतात ते आधी मला फोन करून सांग. बँकेला मग सांग."